आबांचे पाय का जळायचे

सुरुवात आबांपासून नाही, बाबांच्या पायांपासून झाली. ऑगस्ट २०२२. पाऊस लागून राहिला होता, घरात गारठा होता, आणि बाबा रात्री दोन वाजता स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी फेऱ्या मारत होते. विचारलं तर म्हणाले, “काही नाही रे, तळपाय जरा जळतायत.” आठवडाभरानं त्यातलं ‘जरा’ गेलं. पायाला चादर लागलेली चालेना, मोजे चालेनात, पंखा मात्र पायांवरच पाहिजे. आईचं निदान ठरलेलं होतं : उष्णता. सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, शेवटी तळपायांना मेंदी झाली. १४ सप्टेंबरला न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तेव्हा बाबांचे तळवे नवरीसारखे केशरी होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या. मेंदी बघून हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी डोळे मिटायला सांगून पायाला पिन टोचली, घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला, टाचेवर चालायला लावलं. मग फाइल लिहिता लिहिता विचारलं, “काका, तुमच्या आईवडिलांना कुणाला असा त्रास होता?”

“वडलांना होता की,” बाबा म्हणाले. “जन्मभर.”

लिहिणारा हात थांबला. आबांना साखर होती का? नाही. दारू? माळकरी माणूस. कुठलं औषध चालू होतं? गावात डॉक्टरच नव्हता, औषध कुठलं. डॉक्टर बाईंनी मग माझ्याकडे बघून समजावलं, की काही नसांचे आजार घराण्यातून येतात. तसं असेल तर प्रश्न फक्त बाबांचा राहत नाही. मी, बहीण, आमची पोरं, सगळेच त्यात येतो. जनुकांची तपासणी करता येते, पण खर्च वीस-बावीस हजारांच्या घरात. मी मनातल्या मनात बँकेतली शिल्लक आठवत असताना बाबा सहज बोलून गेले, “ते लढाईत होते ना. जपान्यांच्या कैदेत.”

“किती वर्षं?”

बाबांना सांगता आलं नाही. मलाही नाही.

“काही कागद मिळाला तर बघा,” त्या म्हणाल्या. “कैदेत उपासमार झाली असेल तर नसांना कायमची इजा होऊ शकते. ते खरं निघालं तर तुमच्या घराण्यावरचा संशय बराच कमी होईल. काकांचं कारण आपण वेगळं शोधू.”

तो कागद मिळवायला मला सहा महिने लागले, आणि पुढचं उमजायला आणखी तीन. कुणाच्या घरी असेच एखादे आजोबा असतील तर चकरा थोड्या कमी व्हाव्यात, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

आबा १९८७ मध्ये गेले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझ्याकडे त्यांच्या दोनच आठवणी आहेत आणि दोन्ही रात्रीच्या. एक म्हणजे अंगणातली पत्र्याची बादली. जेवणं झाली की आबा बाजेवर बसायचे आणि दोन्ही पाय बादलीतल्या पाण्यात सोडायचे. माघ असो की वैशाख. दुसरी, आजी आणि काशाची वाटी. आजी त्यांच्या तळव्याला तूप लावायची आणि वाटी पालथी धरून गोल गोल घासत राहायची. हळूहळू ते तूप काळं पडायचं. आजी तो काळा लगदा बोटावर घेऊन आम्हाला दाखवायची, “बघा, केवढी उष्णता निघाली.” एवढी उष्णता रोज निघूनही आबांचे पाय काही थंड झाले नाहीत. आम्ही पोरं झोपलो की ते उठायचे आणि ओसरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, असे हलत राहायचे. आम्ही शाळेत सांगायचो, आमचे आबा रात्री नाचतात.

लढाईबद्दल ते बोलत नसत. गावात पंधरा ऑगस्टला कुणीतरी विचारायचंच, “मग तुम्ही नेताजींच्या फौजेत का?” आबा म्हणायचे, “नव्हतो,” आणि तंबाखू मळायला घ्यायचे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरायचा. हे मला बाबांनी सांगितलं, तेही आत्ता, या सगळ्या खटाटोपात.

पहिला अर्ज मी ऑक्टोबर २०२२ मध्ये केला, आणि तो चुकीचा केला. घरात एवढंच माहीत होतं, की आबा खडकीला भरती झाले होते आणि ‘सॅपर्स’ होते, म्हणजे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग लावायचे ही पलटण. मी रेकॉर्ड ऑफिसला साध्या कागदावर भावनेनं ओथंबलेलं दोन पानी पत्र लिहिलं : आजोबांचं नाव, गाव, तालुका पाटण, आम्हाला त्यांचा इतिहास जाणून घ्यायचा आहे वगैरे. सात आठवड्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं. आर्मी नंबर कळवा, मृत्यूचा दाखला जोडा, नात्याचा पुरावा जोडा. उत्तर अगदी बरोबर होतं. भरती झालेल्या हजारो शिंदे-पवार-कदमांमधून नुसत्या नावावर कोण शोधणार? लष्कराच्या लेखी माणूस म्हणजे नंबर. तो नसेल तर अर्ज करूच नका, आधी नंबर शोधा. माझे दोन महिने असे गेले.

नंबर असायला हवा होता डिस्चार्ज बुकात. ते बुक एका लोखंडी ट्रंकेत होतं आणि ट्रंक घरात होती, ११ डिसेंबर १९६७ पर्यंत. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या घराची मागची भिंत ट्रंकेवर आली. माणसं वाचली याचा आनंद एवढा होता, की कागदांची कुणी आठवण काढली नाही. ट्रंक पुढे पावसात सडली.

मृत्यूच्या दाखल्यासाठी गावाला तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला रजिस्टर सापडेना. दुसऱ्या खेपेला सापडलं, पण आबांचं नाव सापडेना. तिसऱ्या खेपेला मी शेजारच्या म्हाताऱ्या काकांना बरोबर नेलं. ते म्हणाले, “आरं, श्रावणात गेला त्यो, पण नोंद तेराव्यानंतर केलीती. म्होरचं पान बघ.” तिथंच होतं. अशा कामाला जाताना गावातलं एखादं जुनं माणूस सोबत असू द्या. दाखल्याच्या चार प्रती घेतल्या, सगळ्या लागल्या.

आणि मग आत्या. आत्या कराडला असते, वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, स्मरणशक्ती आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. डिसेंबरमध्ये स्वारगेटवरून एसटी पकडून तिच्याकडे गेलो. तिला ओरडून विचारलं, “आबांचं लढाईतलं काही आहे का तुझ्याकडं?” ती उठली, देव्हाऱ्यापुढे बसली, आणि अन्नपूर्णेच्या मागून हळदीकुंकवानं माखलेली एक गोल चकती काढून माझ्या हातात ठेवली. वॉर मेडल. एका बाजूला इंग्लंडच्या राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह. आत्यानं सिंह बघून ते देवीपाशी ठेवलं होतं. पंचाहत्तर वर्षं त्या इंग्रजी सिंहाची पूजा चालली होती.

इथे एक गोष्ट मला आधीच वाचून माहीत होती म्हणून बरं. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची दिली, पण हिंदी फौजेला दिलेल्या पदकांवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. गोल पदकाच्या कडेवर, म्हणजे रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असतात तिथे. आमच्या पदकाची कड झिजून गुळगुळीत दिसत होती. चष्मा लावून, मोबाइलची बॅटरी मारून काही कळेना. मग आत्यानंच देव्हाऱ्यातलं भस्म घेतलं, कडेवर चोळलं आणि पदराच्या टोकानं वरचं पुसून काढलं. खाचांमध्ये भस्म अडकून राहिलं आणि पांढरी अक्षरं उमटली. आधी नंबर, पुढे आबांचं नाव, तेही कुठल्याशा कारकुनानं इंग्रजीत मोडून तोडून लिहिलेलं, आणि शेवटी एस अँड एम. मी सहा फोटो काढले, तिरप्या उजेडात. पदक ब्रासोनं घासायचा मोह आवरा, असलेली अक्षरंही जातील.

निघताना मी तिला विचारलं, पाय जळायचे त्याबद्दल आबा कधी काही बोलले का? आत्या म्हणाली, “बेरी लई खाल्ली व्हती म्हनं त्यांनी. तिकडं लढाईत. त्यानं झाल्तं.”

“बेरी?”

“तुपाची बेरी रं! आबाच म्हनायचं, बेरी बेरी झालीती मला. म्हून आई आमाला कधी बेरी खाऊ देत नव्हती. लोणी कढवलं की बेरी म्हशीला. आमी आपलं बघत बसायचो.”

परतीच्या एसटीत सातारा येईपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. खंबाटकी घाटात आलं. बेरीबेरी! मी एवढ्या जोरात म्हटलं, की शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

दुसरा अर्ज ९ जानेवारी २०२३ ला केला. या वेळी पत्र अर्ध्या पानाचं. वर ठळक नंबर, खाली नाव, पदकावरचं स्पेलिंग आणि दाखल्यावरचं स्पेलिंग दोन्ही. दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचं बाबांचं प्रतिज्ञापत्र, शंभराच्या बाँडवर नोटरी करून, त्याचे नोटरीसकट साडेतीनशे गेले. आबांचा मृत्यूचा दाखला, बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत (त्यात वडलांचं नाव असतं, नात्याचा पुरावा म्हणून तो चालला), बाबांचं आधार, पदकाचे फोटो. अर्जदार मी नाही, बाबा. नातवापेक्षा मुलाची सही वजनदार. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. नात्याचा पुरावा न जोडता माहिती अधिकार टाकला तर कलम ८(१)(जे) दाखवून, तिसऱ्या माणसाची खासगी माहिती म्हणून, अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तेव्हा पुरावा दोन्हीकडे जोडा. आणि “सगळी माहिती द्या” असं लिहू नका. मी पाच गोष्टी विचारल्या : भरतीची तारीख, परदेशी सेवा, कैदेत गेल्याची तारीख, सुटकेची तारीख आणि ठिकाण, वैद्यकीय नोंदी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही असं पत्र पाठवायला मदत मिळते, हे मला नंतर कळलं.

उत्तर येईपर्यंत बाबांची तपासणी चालू होती. एनसीव्ही झाली, दोन हजार आठशे रुपये. पायाला पट्ट्या चिकटवून छोटे छोटे शॉक देतात आणि नसेतून करंट किती वेगानं जातो ते बघतात. दुखतं म्हणण्यापेक्षा दचकायला होतं. बाबांचा पाय आपोआप उडायचा आणि ते तंत्रज्ञ मुलाला “सॉरी” म्हणायचे. जाण्याआधी पायाला तेल-क्रीम लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. आम्हाला घरी सांगितलं नव्हतं म्हणून तिथे साबणानं पाय धुवावे लागले. रक्ताचा रिपोर्ट जास्त बोलका निघाला. बी-१२ होतं १४८, म्हणजे बरंच कमी. शुद्ध शाकाहारी माणूस आणि बारा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन. ही गोळी काही जणांमध्ये बी-१२ शरीरात नीट शोषू देत नाही. डॉक्टर बाईंनी इंजेक्शनं सुरू केली : आधी रोज, मग आठवड्याला एक, मग महिन्याला.

पण मला आता बेरीबेरीनं धरलं होतं. रात्री जेवणं झाली की मी वाचत बसायचो. वैद्यकातलं मला काही कळत नाही, मी विमा कंपनीत क्लेम बघतो. पण जुने वैद्यकीय लेख साध्या इंग्रजीत असतात. इंडियन मेडिकल गॅझेटचे जुने अंक पबमेड सेंट्रल या साइटवर फुकट वाचता येतात. लॅन्सेटचे जुने लेख विकत आहेत, ते मला भाच्याच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून मिळाले.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिकांना इंग्रज अधिकाऱ्यांपासून वेगळं काढून जपान्यांच्या हवाली केलं. तिथूनच आझाद हिंद फौजेची पहिली भरती झाली. जे गेले नाहीत ते कैदी राहिले. बिदादरी, सेलेटार, नीसून अशा छावण्यांत. खायला मुख्यतः पॉलिश केलेला पांढरा तांदूळ. तांदळाचं पोषण त्याच्या कोंड्यात, आणि तोच गिरणीत गेलेला. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग पाय सुजतात, हृदय थकतं, नसा सुन्न पडतात. ती बेरीबेरी.

पाय जळणं हे तिचं भावंड. सिंगापूरमधल्याच चांगीच्या कैदी छावणीत ते काही महिन्यांनी सुरू झालं. दिवसा ठणक, आणि रात्र झाली की तळव्यात आग आणि सुया. माणसं झोपेनात, रात्रभर येरझाऱ्या घालायची, पाय पाण्यात बुडवून बसायची, इतकी की कातडी कुजून जखमा व्हायच्या. एरिक क्रुइकशँक नावाचा डॉक्टर स्वतः तिथे कैदी होता. त्यानं अशा पाचशे रुग्णांचा आढावा १९४६ च्या लॅन्सेटमध्ये छापला. नुसत्या ब-१ नं ही आग जायची नाही. यीस्ट, मार्माइट (यीस्टचाच घट्ट अर्क), तांदळाचा कोंडा असं मिळालं तर उतार पडायचा. चांगीत लोकांनी मैदानातलं गवत कापून, कुटून त्याचा अर्क काढला आणि एकमेकांना पाजला. आणि इंग्रज सोल्जर या दुखण्याला काय म्हणायचे? ‘हॅपी फीट’. कारण माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहायचा.

तो शब्द वाचला आणि मी लॅपटॉप मिटला. आमचे आबा रात्री नाचतात.

दुसऱ्या दिवशी पुढे वाचलं. या दुखण्याला वैद्यकात दोन माणसांची नावं जोडलेली आहेत. एक ग्रिअरसन, ज्यानं १८२६ मध्ये ब्रह्मदेशातल्या लढाईवरच्या शिपायांमध्ये ते पाहून लिहिलं. दुसरे आपले डॉ. सी. गोपालन. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी भातावर जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये हेच जळणारे पाय पाहिले आणि १९४६ मध्ये गॅझेटमध्ये लेख लिहिला. त्यांनी पँटोथेनिक आम्ल हे ब गटातलं जीवनसत्त्व देऊन पाहिलं आणि गुण आला. म्हणजे ज्या वर्षी आबा घरी परतून बादलीत पाय घालून बसायला लागले, त्याच वर्षी त्यांच्या दुखण्यावर एका हिंदी डॉक्टरचा लेख छापून आला होता. पाटण तालुक्यात तो पोचणार कसा.

आणि एक वाचून अंगावर काटा आला. ह्यू डी वॉर्डनर हा असाच एक कैदी डॉक्टर. मेंदूवर परिणाम झालेल्या बेरीबेरीच्या रुग्णांच्या नोंदी त्यानं टिनच्या डब्यात घालून, डबा झाळून बंद करून एका सैनिकाच्या थडग्यात पुरल्या. सुटका झाल्यावर उकरून काढल्या आणि १९४७ मध्ये ५२ रुग्णांचा लेख झाला. आमची ट्रंक आठवली.

रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट १७ मार्चला आलं, रजिस्टर पोस्टानं. आत एकच टाइप केलेला कागद. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. भरती मार्च १९४०. मलाया १९४१. बेपत्ता १५-२-४२. युद्धकैदी. सुटका, रबौल, सप्टेंबर १९४५. सेवामुक्त जून १९४६. शेवटची ओळ : वैद्यकीय कागदपत्रं विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहेत.

मला त्या शेवटच्या ओळीचं वाईट वाटलं; नेमकं तेच हवं होतं. बाबा बोटांवर मोजत होते. “तीन वर्षं सात महिने,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “रबौल कुठं आलं?”

मोबाइलवर नकाशा उघडला. सिंगापूर सापडल्यावर बाबांनी बोट तिथेच ठेवलं, आणि मी स्क्रीन सरकवत, सरकवत, पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटापर्यंत नेली. जपान्यांनी १९४३ मध्ये हिंदी कैद्यांच्या तुकड्या मजुरीसाठी तिकडे जहाजांतून नेल्या होत्या. पुढच्या वर्षी दोस्तांनी बेटाची नाकेबंदी केली, रसद तुटली, वरून बॉम्ब. एक लाखाच्या आसपास जपानी सैन्यच तिथे रताळी पिकवून दिवस काढत होतं. कैद्यांच्या वाट्याला काय येत असेल? “म्हणून,” बाबा म्हणाले. महाशिवरात्रीला घरात रताळ्याचा किस व्हायचा आणि आबा त्या दिवशी निरंकार उपास धरायचे. सगळ्यांना वाटायचं, केवढी भक्ती.

रबौल ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानं ताब्यात घेतलं, त्यामुळे इथून पुढचा शोध ऑस्ट्रेलियात, आणि तो घरबसल्या फुकट आहे. ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या साइटवर रबौलमध्ये सुटलेल्या हिंदी कैद्यांचे सप्टेंबर १९४५ चे फोटो आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए-४७१ या मालिकेत युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांच्या फाइली स्कॅन करून ठेवल्यात. रबौलमधल्या कित्येक खटल्यांत हिंदी कैद्यांवरच्या अत्याचारांचे आरोप होते. फाइली जड आहेत, पानंच्या पानं उघडायला वेळ लागतो, आणि एका बैठकीत फार वाचू नये असं माझं मत आहे. मी एका शनिवारी सलग वाचलं आणि रविवारी जेवलो नाही. आबांचं नाव कुठे सापडलं नाही. फोटोत मी त्यांचा चेहरा शोधला. पण माझ्याकडचे आबा साठीतले, फेटा बांधलेले. बरगड्या निघालेल्या तरुण पोरांमध्ये त्यांना ओळखायचं कसं? बाबांना दाखवले. त्यांनी एक एक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. नंतर माझ्या लक्षात आलं, ते चेहरे नाही, पाय बघत होते.

जूनमध्ये सगळं घेऊन पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेलो. रेकॉर्ड ऑफिसचा कागद, आत्यानं सांगितलेलं एका पानावर लिहून, आणि एक लेख जो मला सगळ्यांत उपयोगी वाटला होता : लिव्हरपूलच्या गिल आणि बेल या डॉक्टरांचा, १९८२ चा. त्यांनी १९६८ ते १९८१ या काळात तपासलेल्या ८९८ माजी कैद्यांपैकी ४९ जणांमध्ये, म्हणजे साडेपाच टक्के लोकांत, कैदेतल्या उपासमारीमुळे झालेला नसांचा आजार तोपर्यंत टिकून होता. सुटून तेवीस ते छत्तीस वर्षं झाली तरी. त्यांच्यात पाय जळणारे बरेच. नीट खायला मिळाल्यावर सगळ्यांच्या नसा भरून येत नाहीत, हे मला कुणीतरी छापून सांगायला हवं होतं. कारण घरातच एक मामा म्हणायचे, “पुढं चाळीस वर्षं घरचं दूध-तूप खाल्लं की त्यांनी, मग लढाईचं दुखणं कशाला राहील?”

डॉक्टर बाईंनी सगळं वाचलं. बाहेर अकरा पेशंट बसले होते, तरी वाचलं. म्हणाल्या, आबांना तपासलेलं नाही, वैद्यकीय कागद नाही, त्यामुळे छातीठोक काही म्हणता येणार नाही. पण कैदेआधी धडधाकट माणूस, कैदेपासून सुरू झालेला त्रास, चाळीस वर्षांत वर न चढता पायापुरताच राहिलेला, आणि बाबांचं कारण वेगळं आणि उपचारांना दाद देणारं. जनुकांची तपासणी आत्ता नको, असं त्यांचं मत पडलं. फाइलमध्ये कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात आधी ‘वडील : पायांची जळजळ’ एवढंच होतं. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं : ‘युद्धकैदी १९४२–४५, कुपोषणजन्य असण्याची दाट शक्यता.’ बाबांनी त्या ओळीचा फोटो काढून घेतला.

हिशोब सांगायचा तर कागदपत्रं, नोटरी, पोस्ट, एसटी आणि झेरॉक्स मिळून साधारण चार हजार. तपासण्या आणि इंजेक्शनं वेगळी. बाबांची आग सत्तर टक्के तरी गेली आहे. बोटांच्या टोकांना थोडी उरली आहे, ती कदाचित राहील. मेटफॉर्मिन घेणाऱ्या घरच्या शाकाहारी माणसाचं बी-१२ वर्षातून एकदा बघून घ्या, असं डॉक्टर बाईंनी बजावलंय, ते इथेही लिहून ठेवतो.

दिवाळीत आत्याकडे गेलो तेव्हा तिला सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं. बेरीबेरी म्हणजे तुपाची बेरी नव्हे. तो आजार आहे, नुसता पांढरा भात खाऊन होतो, तूप-बेरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “म्हंजी आमच्या तोंडची बेरी उगंच म्हशीनं खाल्ली म्हन की.”